काका म्हणजे कोण?

मागच्या महिन्यात चार दिवस उळवीला मामाकडे होतो. जोयडा सोडून जंगलात शिरलं की मोबाईल हळूहळू मान टाकतो, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून लॅपटॉपवर दोन सिनेमे भरून नेले होते. पहिला 'रॉकी हँडसम'. २०१६ चा, जॉन अब्राहमचा, गोव्यात घडणारा. दुसरा तो ज्याच्यावरून काढला तो कोरियन सिनेमा, २०१० चा 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'. कोरियन मी कॉलेजात असताना पाहिला होता आणि फक्त मारामारी लक्षात राहिली होती.

'रॉकी हँडसम'चा दिग्दर्शक आपला निशिकांत कामत. 'डोंबिवली फास्ट'वाला. २०२० मध्ये, अवघ्या पन्नाशीत गेला बिचारा. यात खलनायकही तोच झालाय आणि झकास झालाय. मल्याळम 'दृश्यम' त्याने हिंदीत आणला तेव्हा गोवा कथेत मुरला होता. इथे मात्र गोवा पोस्टकार्डासारखा दिसतो, आणि गोष्ट रंगात आली की गाणं येतं.

दुसऱ्या रात्री कोरियन लावला. मामी भाकऱ्या आटोपून शेजारी येऊन बसली. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरंही नाही, तरी उठली नाही.

गोष्ट साधी. गहाणवटीचं दुकान चालवणारा एकलकोंडा माणूस. शेजारच्या व्यसनी बाईची लहान मुलगी त्याच्याकडे येत-जात असते. गुंड तिला पळवतात, हा शोधायला निघतो. खिडकीतून त्याने उडी मारली की कॅमेराही मागोमाग उडी मारतो, ते दृश्य आजही थक्क करतं. पण यावेळी मी अडकलो त्याच्या बऱ्याच आधी. चोरीच्या आळावरून रस्त्यात लोक त्या मुलीला धरतात, ती त्याच्याकडे बोट दाखवते, आणि हा पाठ फिरवून चालू लागतो.

मामी म्हणाली, "अरे, ती त्यालाच दाखवतेय ना? मग हा चालला कुठं?"

मी काही बोललो नाही.

या सिनेमाचं मूळ कोरियन नाव 'आजॉस्शी'. तिथली मुलं कुठल्याही अनोळखी मोठ्या पुरुषाला अशी हाक मारतात. म्हणजे आपलं 'काका'. इंग्रजीत त्याचा 'कुठूनसा आलेला माणूस' झाला, हिंदीत 'हँडसम'. नातं होतं तिथे आधी गूढ आलं, मग देखणेपण. माझ्या मते रिमेक फसला तो इथेच, मारामारीत नाही.

आता माझी गोष्ट. पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा राहतो. मला काका म्हणतो. तिशीतल्या माणसाला ते जरा झोंबतंच! जूनमध्ये एका संध्याकाळी त्याने बेल वाजवली. "काका, आईला उशीर होणार आहे, चावी तिच्याकडे आहे. मी तुमच्याकडे बसू?" माझा क्लायंट कॉल चालू होता. हातानेच 'नंतर' म्हणून दार लावलं. कॉल संपला तेव्हा पावणेआठ झाले होते. तो जिन्यात दप्तरावर डोकं टेकून झोपला होता, जिन्यातला दिवाही बंद. त्याच्या आईला मी ते कधी सांगितलं नाही. त्यानेही सांगितलं नसावं.

परतल्यावर मामीने दिलेल्या काजूंची एक पुडी घेऊन खाली गेलो. दार त्यानेच उघडलं. पुडी घेतली, "आई आठला येते," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.