हक्क गाडीचा की माणसाचा?

अपंगांसाठी राखीव पार्किंग म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती जमिनीवर रंगवलेली निळी चौकट आणि तिच्यातलं चाकाच्या खुर्चीचं चित्र. ठाण्यातल्या मॉलमध्ये ती दिसते, मोठ्या खासगी रुग्णालयांत दिसते. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकाकडे मात्र ती हुडकावीच लागते. आणि जिथे असते तिथेही तिच्यावर बऱ्याचदा कुंड्या, जनरेटर, नाहीतर 'दोनच मिनिटांत येतो हां' म्हणून लावलेली कुणाची तरी गाडी!

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या ४१व्या कलमात बस थांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ यांची नावं घेऊन पार्किंग, स्वच्छतागृह आणि तिकीट खिडकी दिव्यांगांना वापरता येईल अशी करा, असं सांगितलंय. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस, हिमोफिलिया असे वरवर न दिसणारे आजारही त्यात आले. इमारतींसाठीचे निकष तर फुटपट्टी घेऊन लिहिलेत : राखीव जागा दारापासून ३० मीटरच्या आत हवी, रुंदी निदान ३.६ मीटर, म्हणजे सुमारे बारा फूट हवी. एवढी रुंदी कशाला? तर गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची लावता यावी म्हणून.

घोडं पेंड खात होतं ते पुढेच. हे निकष 'पाळावेत' असे होते, 'पाळलेच पाहिजेत' असे नव्हते. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. निकष ऐच्छिक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत तयार करा, असं केंद्राला सांगितलं. याचिका ते निकाल, एकोणीस वर्षं! तोवर 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. चांगलं झालं, पण जिन्याच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आता परवान्याचं बघू. गाडीच्या काचेवर लावावा आणि देशभर कुठल्याही राखीव जागेवर चालावा, असा एकच सरकारी पार्किंग परवाना आपल्याकडे नाही. दुकानात मिळणारा निळा स्टिकर कुणीही विकत घेतो आणि चिकटवतो. सरकारी सोय आहे ती गाडीच्या नोंदणीत. ऑक्टोबर २०२० पासून आरटीओच्या नोंदणी अर्जात मालकाचा प्रकार म्हणून 'दिव्यांगजन' असं लिहिता येतं. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर किंवा हाताने चालवायची मोटार अशी खास बदल केलेली गाडी असेल, तर तशी नोंद होते आणि राष्ट्रीय महामार्गावर टोलही माफ असतो.

आणि मैत्रिणींनो, मला खटकतं ते इथेच. या सगळ्यात धरून चाललंय की अपंग माणूस स्वतः गाडीचा मालक आहे आणि बहुधा स्वतःच ती चालवतो. आपल्या घरांत गाडी कुणाच्या नावावर असते? नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या. ती मागे बसलेली असते. संधिवाताने गुडघे गेलेल्या सासूबाई, अर्धांगवायूतून उठलेल्या काकू यांना कुणीतरी 'सोडायला' येतं. तेही नसेल तर रिक्षा. आमच्या ओळखीची एक आई आहे, मुलाला सेरेब्रल पाल्सी. वय वर्षं अकरा, वजन आईच्या निम्मं. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा केंद्रावर न्यावं लागतं. समोर दुचाकींची रांग, म्हणून रिक्षा अलीकडच्या वळणावर थांबते आणि तिथून ही त्याला कडेवर घेऊन चालते. तिच्या नावावर ना गाडी, ना लायसन्स. कसली नोंदणी आणि कसली सवलत?

ब्रिटनमध्ये हे कोडं १९७१ मध्येच सोडवलंय. तिथला परवाना तेव्हा नारिंगी होता, २००० पासून निळा झाला. 'ब्लू बॅज' म्हणतात त्याला. तो गाडीला मिळत नाही, माणसाला मिळतो. आज मुलाच्या गाडीत, उद्या शेजारणीच्या, परवा टॅक्सीत. जिथे तो माणूस तिथे त्याचा बॅज. इंग्लंडमध्ये तो १० पौंडांपर्यंत मिळतो. ऑगस्ट २०१९ पासून तिथे न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही तो देतात. माणूस सोबत नसताना घरच्यांनी बॅज लावून गाडी उभी केली, तर दंड १००० पौंडांपर्यंत.

हे सातासमुद्रापलीकडचं झालं असं म्हणाल, तर आपल्या लोकलकडे बघा. मध्य रेल्वेच्या लोकलला दिव्यांगांचा वेगळा डबा असतो, त्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही मुभा आहे. तिथे हक्क कशाच्या जोरावर? त्या माणसाच्या स्वतःच्या. कागद दाखवला की झालं. राखीव डब्यात बेकायदा घुसणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या १५५व्या कलमाखाली ५०० रुपयांपर्यंत दंडही आहे. सकाळी आठच्या गर्दीत तो डबा धडधाकट माणसांनी भरतो हे खरं, पण तत्त्व तरी बरोबर आहे. रुळावर जे जमलं ते रस्त्यावर का जमू नये?

त्यासाठी लागणारा कागद तयार आहे. 'युडीआयडी' कार्ड, सरकारी भाषेत 'वैश्विक ओळखपत्र'. स्वावलंबन पोर्टलवर फुकट अर्ज करायचा, आधार आणि फोटो जोडायचा, रुग्णालय निवडायचं, तपासणीला जायचं. ४० टक्क्यांखाली पांढरा पट्टा, ४० ते ८० पिवळा, त्यापुढे निळा. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर अर्ज पोर्टलवरूनच करावा लागतो आणि प्रमाणपत्रासाठीची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली. (मुदत वाढवायला सरकारला कसं चटकन जमतं बघा!) घरात अर्ज करण्यासारखं कुणी असेल तर थांबू नका. कित्येक घरांत 'तिला कशाला, ती कुठे बाहेर जाते' म्हणून बायकांचं कार्डच काढलेलं नसतं. बाहेर जाता येत नाही म्हणून कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून बाहेर जायची सोय नाही.

याच कार्डावर पार्किंगची एक चिठ्ठी द्यायला काय अवघड आहे? पे-अँड-पार्कचं कंत्राट देताना पालिकेने दारालगतच्या दोन जागा आणि रिक्षाला थांबून उतरवण्यापुरती मोकळी कड, एवढी अट घालावी. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचाच असतो. पिवळा-निळा रंग त्यात सहज बसेल. खोट्यांची भीती वाटत असेल तर दिव्यांगांचा लाभ फसवून घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेच. दाद मागायला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात.

पालिकेचं होईल तेव्हा होईल, सोसायटीचं आपल्या हातात आहे. स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. त्या जागेचं वाटप सर्वसाधारण सभा ठरवते. पार्किंगची सोडत निघण्याआधी लिफ्टजवळची एक जागा बाजूला काढायचा ठराव करता येतो, आणि तो करताना गाडी कुणाच्या नावावर आहे हे न विचारता घरात कोण राहतं ते विचारा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तिची विषयपत्रिका निघण्याआधी सेक्रेटरींना पत्र द्या, कार्डाची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच सही घ्या.