पांढरं ते पांढरंच दिसावं

बारशाचे फोटो हौसेने काढायचे आणि बघायला गेलं तर सगळे पिवळेधम्मक! मोरपंखी पैठणी हिरवी दिसते, बाळाचं दुपटं हळदीत बुडवल्यासारखं. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. खरं तर कॅमेरा बिचारा चांगला असतो. उजेड कसला आहे, एवढंच त्याला नीट समजलेलं नसतं.

मैत्रिणींनो, उजेडालाही रंग असतो. साध्या बल्बचा उजेड पिवळसर, तर सावलीतला निळसर. आपले डोळे आणि मेंदू हा फरक आपोआप सांभाळून घेतात. म्हणून तर रात्री बल्बखाली जेवायला बसलं तरी पानातला भात आपल्याला पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला मात्र हा हिशेब करून द्यावा लागतो. त्यालाच 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात.

आपल्या आज्या धुतलेल्या धोतराला नीळ का देत? पिवळटपणावर निळी छटा चढली की कापड पांढरं दिसतं, म्हणून. कॅमेराही हेच करतो. पिवळ्या उजेडात तो चित्राला निळ्याचा हात देतो, निळसर उजेडात पिवळ्याचा. आणि नीळ जास्त झाली की कपडे जसे निळे पडतात, तसंच फोटोचंही होतं.

उजेडाचा हा रंग केल्विन या मापात मोजतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे 1900, साध्या बल्बचा 2700 ते 2800, भर दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास, तर सावलीतला 7000 किंवा त्याहून जास्त. आकडा लहान तितका उजेड पिवळा-तांबूस, मोठा तितका निळसर. एलईडी दिव्याच्या खोक्यावर बघा, 2700, 3000 किंवा 6500 असा आकडा छापलेला असतो. तो हाच.

आता कॅमेऱ्याकडे वळू. 'डब्ल्यूबी' अशी अक्षरं शोधायची. अनेक मोबाइलमध्ये ती 'प्रो' या प्रकारात सापडतात. तिथे छोटी चित्रं असतात: सूर्य म्हणजे ऊन, ढग म्हणजे ढगाळ हवा, सावली पडलेलं घर म्हणजे सावली, आणि बल्ब, ट्यूबलाइट, फ्लॅश. ज्या उजेडात उभ्या आहात ते चित्र निवडा, निम्मं काम झालं. 'ऑटो' ठेवलं तर कॅमेरा स्वतः अंदाज बांधतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर येतो. पण सगळी चौकट एकाच रंगाने भरली, उदाहरणार्थ नुसती लाल साडी, तर तो फसतो. त्या लाल रंगाला तो उजेडाचाच रंग समजतो.

हुबेहूब रंग हवा असेल, तर ही रीत करून बघा:

1. वस्तू ठेवली असेल तिथेच, त्याच उजेडात, एक कोरा पांढरा कागद धरा.
2. चौकटीचा मधला भाग भरेल असा कागदाचा फोटो घ्या. तो फार उजळ येऊ देऊ नका.
3. 'कस्टम' निवडून तो फोटो कॅमेऱ्याला 'हे पांढरं' म्हणून दाखवा.
4. मगच साडीचा फोटो काढा. उजेड बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

फार झगझगीत कागदाला मुळातच निळसर झाक असते, म्हणून छायाचित्रकार राखाडी कार्ड वापरतात. ते मिळालं तर उत्तमच. आणि खिडकीचा उजेड व पिवळा बल्ब दोन्ही एकदम ठेवू नका. एका गालावर निळसर, दुसऱ्यावर पिवळा रंग चढतो, आणि तिथे कुठलीच युक्ती पुरत नाही. दिवसा सरळ दिवा मालवावा. हिरव्या भिंतीजवळ बसवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही हिरवट झाक येते, हेही लक्षात ठेवा.

घरबसल्या साड्या विकणाऱ्या भगिनींना याचं मोल वेगळं सांगायला नको. फोटोत राणी रंग आणि पार्सलमध्ये डाळिंबी निघाला, की साडीही परत येते आणि विश्वासही जातो.

आणखी एक गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. तान्हं बाळ पिवळं दिसतंय का, हे फोटो बघून कधीच ठरवू नका. पिवळ्या दिव्यात निरोगी बाळही पिवळं दिसतं. उलट कॅमेऱ्याचं 'ऑटो' खरा पिवळेपणा पुसूनही टाकू शकतं, आणि गावच्या आजीला मोबाइलवर सगळं ठीक वाटतं. शंका आली की बाळाला दिवसाच्या उजेडात बघा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. फोटो पाठवून भागवू नका.

तसंच, व्हाइट बॅलन्स हे कुणाला गोरं करण्याचं यंत्र नव्हे. सावळ्या मुलीचा सावळा रंग जसाच्या तसा, तजेलदार उतरला की तो फोटो साधला.

दिवाळीच्या पणत्यांच्या वेळी मात्र मुद्दाम सूर्याचं चित्र निवडा. पणतीचा सोनेरी उजेड तेवढा पुसायचा नाही. तो तर हवाच!