पाढे पाठ आहेत, पण...

पोराचे दहापर्यंतचे पाढे पाठ झाले की आईबाप निश्चिंत होतात. मला तिथूनच काळजी वाटायला लागते.

आमच्या कन्येचं उदाहरण घ्या. सहाचा पाढा घडाघडा म्हणते. पण अंड्यांचा भरलेला ट्रे समोर ठेवून "किती आहेत गं?" विचारलं, तर बोट ठेवत एक, दोन, तीन करत थेट तीसपर्यंत गेली! पाढा तोंडात होता, ट्रे डोळ्यांसमोर होता. दोघांची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

पाढ्यांशी माझं वैर नाही हं. (आईची पावकी-दीडकी भाजीवाल्याच्या कॅलक्युलेटरला अजून हरवते.) पण गुणाकार म्हणजे सारखे गट झटपट मोजायची युक्ती, हे कळायच्या आधी पाढा आला तर त्याचं नुसतं गाणं होतं. मग शाब्दिक उदाहरण आलं की प्रश्न ठरलेला, "बाबा, मिळवायचं की गुणायचं?"

सगळी मेख 'सारखे' या शब्दात आहे. तीन ताटल्यांत चार-चार लाडू ठेवा. चार त्रिक बारा. आता एका ताटलीत गुपचूप पाचवा लाडू सरकवा आणि विचारा, अजून चार त्रिकच का? इथे पोर थबकतं, आणि हे थबकणं मला दहा पाढ्यांपेक्षा मोलाचं वाटतं. गुणाकार कधी चालत नाही हे ज्याला कळलं, त्याला तो कधी चालतो हेही कळलं.

पुन्हा तो ट्रे घ्या. सहा-सहाच्या पाच ओळी. आडवा फिरवला की पाच-पाचच्या सहा. सहा पंचे तीस आणि पाच सक तीस ही दोन गाणी नाहीत, एकच ट्रे आहे. म्हणजे पाठांतर जवळपास निम्म्यावर आलं की नाही?

आणि ठिपक्यांची रांगोळी तर आपल्या दारातच असते. आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी काढा. नुसतं पाठांतर केलेलं पोर 'आठ साती' विसरलं की परत 'आठ एके आठ'पासून सुरू करतं. त्याला पाचव्या ओळीखाली रेघ मारून द्या. वरचे आठ पंचे चाळीस, खालचे आठ दुणे सोळा. झाले छप्पन्न. विसरलं तरी अडत नाही.

तेव्हा मामा-मावश्यांनो, दिवाळीत घरी याल तेव्हा कृपा करून "सतराचा पाढा म्हणून दाखव" नको. चकल्यांचं ताट पुढे ओढा, एकेक न मोजता किती ते विचारा, आणि मुख्य म्हणजे "कसं काढलंस?" हे विचारा. उत्तर चुकलं तर चुकू दे. मोजता मोजता दोन-चार चकल्या कमी होतील, तेवढी वजाबाकी आम्ही सांभाळून घेऊ :-)