बेलापूरचा किल्ला परका कसा?

बेलापूरच्या किल्ल्याचा विषय निघतांच आमचे कांहीं सुशिक्षित मित्र विचारतात, 'परक्यांच्या तटबंदीविषयीं एवढा कळवळा कशाला?' हा प्रश्न देशाभिमानाचा वेष घेऊन येतो. परंतु त्याच्या पोटीं निव्वळ आळस आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. पनवेलच्या खाडीवर पहारा देणारा हा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज व मराठे यांच्या हातून १८१७ सालीं इंग्रजांकडे गेला. जिंकलेली वस्तु जेत्याची होते. मग मराठ्यांनीं घेतलेला किल्ला परका कसा? चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेचा व्याख्यानांतून गौरव करावयाचा, आणि त्या झुंजीच्या काळचे तट मात्र ढासळूं द्यावयाचे, हा कोठला न्याय?

१९७० सालीं सिडको स्थापन झाली व नवें शहर वसलें. 'नवी' या विशेषणामुळें अनेकांची समजूत झाली आहे कीं, त्यापूर्वीं येथें केवळ चिखल होता. आगरी-कोळ्यांचीं जुनीं गांवें आणि महानगरपालिकेच्या भव्य मुख्यालयापासून हांकेच्या अंतरावरील हे अवशेष ती समजूत खोटी ठरवितात.

जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं रंग, दिवे व कारंजीं नकोत. निसटता दगड सांवरावा, भिंतींत रुजलेलीं झाडें काढावीं, आणि निश्चित तेवढाच इतिहास सांगणारा मराठी फलक लावावा. मुलांना वसई दाखविणाऱ्या पालकांनीं एक रविवार बेलापूरलाहि द्यावा. ज्यांनीं किल्ला कधीं पाहिलाच नाहीं, त्यांनीं त्याच्या पडझडीबद्दल सरकारास बोल तरी कोणत्या तोंडानें लावावा?