दुखणे कुणाचे, दाढ कुणाची?

माझ्या आजीने वरच्या जबड्यातली एक किडकी दाढ अकरा वर्षे सांभाळली. सांभाळली म्हणजे सोसली. लवंग झाली, हिंगाचा खडा झाला, रात्र-रात्र गालाला शेक देणे झाले. तालुक्याच्या गावी दातांचे डॉक्टर होते, जायला एस.टी. होती, चार पैसेही घरात होते. पण ‘वरची दाढ काढली की डोळा जातो’ ही आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावची पक्की समजूत. आजीला रोज पोथी वाचायची असे. डोळ्यापुढे दाढेचे काय मोल? शेवटी १९७१ साली गाल सुजून डोळ्याखालपर्यंत गेला, ताप चढला, तेव्हा वडिलांनी तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेले. दाढ निघाली. डोळा जागेवर राहिला. पुढे कितीतरी वर्षे ती पोथी वाचत होती.

२०१४ साली याच्या नेमके उलटे माझ्याच घरात घडले. माझ्या पत्नीच्या उजव्या बाजूच्या दोन चांगल्या दाढा काढल्या गेल्या, आणि दुखणे मात्र होते तिथेच राहिले.

आजीची जायला हवी होती ती दाढ राहिली. पत्नीच्या राहायला हव्या होत्या त्या गेल्या. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे असे मला आता वाटते. दात आपल्याला दिसतो. तो ज्या नसेमार्फत दुखतो ती नस दिसत नाही, आणि तिच्याविषयी आपल्याला कुणी सांगतही नाही.

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. मेंदूपासून थेट निघणाऱ्या अशा मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली पाचवी म्हणजे ट्रायजेमिनल. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला तिच्या तीन शाखा जातात. पहिली कपाळ आणि डोळ्याभोवती, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. चेहऱ्याचा स्पर्श, थंडी-ऊन, वेदना हे सारे ती मेंदूला कळवते. चेहरा हलवण्याचे, म्हणजे हसण्याचे, डोळा मिटण्याचे काम सातव्या नसेचे, फेशियलचे. आणि प्रत्यक्ष पाहण्याचे काम दुसऱ्या नसेचे. तिचा दाढेशी काही संबंध नाही.

म्हणजे आजी अगदीच निराधार बोलत नव्हती. वरची दाढ दुखते तेव्हा डोळ्याभोवती ठणकते, कारण दोन्हीकडच्या शाखा एकाच खोडाच्या. पण दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट सडलेली दाढ तशीच ठेवली तर तिचा पू वर डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरू शकतो. ज्या भीतीने आजीने दाढ ठेवली, ती भीती खरी ठरण्याचा धोका दाढ ठेवण्यातच होता.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. तिथे एक चूक नेहमी होई. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, फक्त खाते चुकीचे. वेदनेचेही असे होते. एका बाजूच्या वरखालच्या दातांच्या नोंदी एकाच नसेतून वर जातात, आणि कोणती नोंद कुठली, यात मेंदूचाही गोंधळ उडतो. दुखते खालची दाढ, ठणकतो कान. सायनस भरले की वरच्या दाढा दुखतात. कधी तर हृदयाची कळ खालच्या जबड्यात उमटते. चालताना जबडा दुखू लागला आणि थांबल्यावर राहिला, तर दातांच्या आधी हृदय तपासून घ्यावे.

माझ्या पत्नीची नोंद अशीच चुकीच्या खात्यावर पडली. तिला कळ येई ती विजेचा झटका बसावा तशी. काही सेकंद, फार तर मिनिटभर. दात घासताना, चूळ भरताना, खिडकीतून वाऱ्याची झुळूक गालाला लागली तरी. मधल्या वेळात काही नाही. रात्री झोप शांत. किडलेल्या दाढेची तऱ्हा सहसा निराळी असते. ती रात्री आडवे झाले की ठसठसते, गरम-थंड लागले की बराच वेळ कळत राहते. हा फरक आम्हाला ठाऊक नव्हता. दातांचे डॉक्टर म्हणाले, “एक्स-रेत काही दिसत नाही, थोडे थांबू या.” मीच म्हणालो, “काढून टाका एकदाची.” त्यांनी काढली. महिन्याभराने शेजारची काढायचे त्यांनी सुचवले. आम्ही तयारच होतो. दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे मला जमणार नाही.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी पाच मिनिटे नुसते ऐकून घेतले आणि निदान सांगितले. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. पन्नाशीनंतर, आणि बायकांत अधिक आढळणारा विकार. बहुतेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या पाचव्या नसेला खेटून तिच्यावर दाब देत असते. यावर १९६२ पासून कार्बामॅझेपिन हे औषध वापरात आहे. औषधाने भागले नाही तर शस्त्रक्रियाही आहे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यावे लागते, पण पत्नीला आठवड्यात उतार पडला. दाढा अर्थातच परत आल्या नाहीत.

असे चुकणारे आम्ही पहिले नव्हेत. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात अशाच वेदनेवर शल्यवैद्य सातवी नस कापत. चेहरा वाकडा होई, वेदना राही. चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले संशोधन मांडले आणि पाचवी व सातवी यांची कामे वेगळी आहेत हे हळूहळू स्पष्ट झाले. शास्त्राने तो धडा केव्हाच गिरवला. खुर्चीत तोंड उघडून बसणाऱ्या माणसापर्यंत तो अजून पोचलेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

तो पोचवायला फार काही लागत नाही. आपण रोग्यांनी दुखणे नीट सांगावे. कळ किती वेळ टिकते, कशाने उठते, रात्री जागवते का, हे दोन दिवस कागदावर टिपून न्यावे. कारण सापडले नसताना दात काढायचा आग्रह धरू नये. आणि डॉक्टरांनी दात काढण्याआधी नस समजावून सांगावी. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांखालून ओठाची नस जाते, आतल्या अंगाने जिभेची. दाढ काढताना ती दुखावली तर ओठ किंवा जीभ काही आठवडे, काही महिने, क्वचित कायमची बधिर राहू शकते. भुलेची सुई जरा मागे गेली तर सातवी नस सुन्न होते आणि काही तास तोंड वाकडे दिसते, डोळा मिटत नाही. हे आधी सांगितले तर माणूस डोळ्यावर पट्टी घेऊन शांत बसतो. न सांगितले तर घरात पक्षाघाताचा आकांत होतो.

“हे सगळे संमतिपत्रात असते,” असे म्हटले जाते. असेलही. पण ते बहुधा इंग्रजीत असते, आणि सही खुर्चीत बसल्यावर घेतली जाते. कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून “इथे, इथे आणि इथे” असे मी हजारो लोकांना सांगितले आहे. त्यांतल्या किती जणांना कागद कळला होता, हे मी कधी विचारले नाही. म्हणूनच हे बोलायचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडी लाजही.

गेल्या वर्षी मुलाची अक्कलदाढ काढायची होती. कागद इंग्रजीच होता. मी डॉक्टरबाईंना म्हटले, “जरा मराठीत सांगता?” त्यांनी कागद उलटा केला, जबडा काढला, दाढ काढली, तिच्याखालून जाणारी एक रेघ काढली. चार मिनिटे लागली. मुलाने दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली.

ती सही मी पाहत होतो. नोकरीत मी अशा फार थोड्या सह्या घेतल्या.