उरलेलं वर्ष

मिनेसोटात राहायला आल्यावर आडनावांनी माझा गोंधळ उडवला. बँकेत, शाळेत, दातांच्या दवाखान्यात ‘अँडरसन’, ‘ओल्सन’ अशी अस्सल स्कँडिनेव्हियन पाटी लावलेली व्यक्ती समोर यायची आणि चेहरा असायचा कोरियन. १९५५ साली ऑरेगॉनच्या हॅरी आणि बर्था होल्ट या जोडप्याने कोरियन युद्धात अनाथ झालेली आठ मुलं दत्तक घेतली आणि मग जो ओघ सुरू झाला, त्यात सुमारे दोन लाख मुलं कोरियाबाहेर गेली. त्यांतली पुष्कळ या थंड राज्यात वाढली.

भारतातून आलेली मुलं इतकी नाहीत, पण आहेत. त्यांची-माझी गाठ पडली एका उन्हाळी शिबिरात. दत्तक घेणारी कुटुंबंच ते चालवतात. मला लेझीम शिकवायला बोलावलं होतं. मुलं तासाभरात तयार झाली. आयांचे प्रश्न मात्र संपेनात. दाट कुरळ्या केसांचा गुंता कसा सोडवायचा, खोबरेल आधी लावायचं की नंतर, उन्हाने काळवंडली म्हणून मुलगी रडते तेव्हा काय सांगायचं. स्वयंपाकघरात एका बाबांनी दिलेली फोडणी इतकी खमंग झाली, की धुराचा भोंगा वाजून सगळं शिबिर हिरवळीवर आलं. तिथे गवतावर बसूनच या माणसांच्या खऱ्या गप्पा झाल्या. शेजारी, नातेवाईक यांच्यापाशी जे बोलता येत नाही ते इथे प्रस्तावनेशिवाय बोलता येतं, एवढ्यासाठी काही कुटुंबं दूरवरून गाडी हाकत येतात.

तरीही, सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं ते दुसऱ्याच कुणाचं. पुण्यात जन्मलेली, इथे वाढलेली, चाळिशीतली एक बाई आईबापांसमोर बोलायला उभी राहिली. ती म्हणाली, ‘‘शिबिर मला फार आवडायचं. पण उरलेलं वर्ष मी वर्गातली एकटीच सावळी मुलगी असायचे. माझ्या आईबाबांनी मला लेहंगे आणले. मला हवे होते माझ्यासारखे दिसणारे शेजारी.’’ मागच्या रांगेतल्या एका आईने डोळे पुसले, वहीतही काही टिपून घेतलं.

दत्तक मुलांनी मोठं होऊन असं स्वतः बोलणं, हे कोरियन मुलांनी आधी करून दाखवलं आहे. ‘मागचं विसरा, इथले व्हा’ असं त्यांच्या पिढीला शिकवलं गेलं. १९९९ मध्ये त्यांतली सुमारे चारशे मोठी झालेली माणसं वॉशिंग्टनला एकत्र जमली आणि आपल्याबद्दल आपणच बोलू लागली. आता तर नवी मुलं येणंच आटत चाललं आहे. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तकविधान जवळजवळ बंद केलं. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी ते थांबवण्याचा निर्णय घेतला. जुन्या व्यवहारांतली खोटी कागदपत्रं उघडी पडली, त्यामागेही या मोठ्या झालेल्या मुलांनी धरलेला नेटच होता. आईबापांना या मोठ्या झालेल्या मुलांचं बोलणं ऐकणं सोपं नसतं. पण मूल कसं वाढवायचं याचा धडा घ्यायचा तर त्या वाटेने चालून गेलेल्यांकडूनच घ्यावा लागतो.

अशीच एक, नाशिक जिल्ह्यात जन्मलेली आशा मिरो १९७४ मध्ये बार्सिलोनाच्या घरी दत्तक गेली. मोठेपणी दोनदा भारतात परतली आणि दुसऱ्या खेपेला तिला सख्खी बहीण भेटली. तिची पुस्तकं स्पेनमधल्या अशा कितीतरी घरांत वाचली गेली. बहीण सापडली म्हणून बार्सिलोनाची आई कमी झाली नाही, हे ती स्वतः सांगते तेव्हा आईबापांच्या मनातली भीती जरा सैलावते.

आता आपल्याकडे वळते. अशी कुटुंबं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीलाही येतात. आपण प्रेमाने पुढे होतो आणि मुलीसमोरच विचारतो, ‘‘कुठून आणली? खरे आईवडील कोण?’’ वर, ‘‘नशीब काढलंस हो पोरी!’’ पोटच्या मुलाला आपण सहसा असं म्हणत नाही. या मुलीला मात्र जन्मभराचे पांग फेडायला बसवतो. तिने या सगळ्यात काय गमावलं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. आणि न विचारता नुसतं शेजारी बसवून घेणं तर त्याहून सुचत नाही. खरं तर तेवढंच हवं असतं. रविवारच्या मराठी वर्गात इतरांसारखी जागा, नाटकात झाडाची का होईना भूमिका, आणि दंगा केला तर कुणाही मावशीचा ओरडा.

शिबिरातली ती पुण्याची बाई आता मंडळात येते. यंदा कार्यकारिणीने तिला मोठ्या मानाने व्यासपीठावर ‘आपली कहाणी’ सांगायला बोलावलं. तिने हात जोडले आणि पार्किंगची जबाबदारी मागून घेतली. गणपतीच्या दिवशी फ्लोरोसंट जाकीट घालून ती चौकात उभी होती. तिथे तिची जन्मकथा कुणी विचारली नाही. गाडी लांब लावायला लागली म्हणून जोशीकाकांपासून सगळ्यांनी तिच्याशी भांडण मात्र मनसोक्त केलं, आणि तिनेही एकालाही आत सोडलं नाही.