काखोटीचे दप्तर

ज्या काळी गावचा कुळकर्णी रुमालात बांधलेले दप्तर काखोटीस मारून तालुक्याच्या कचेरीत जमाबंदीसाठी पायी जात असे, त्या काळी सोबत काय घ्यावे आणि घरी काय ठेवावे हा विवेक त्याला शिकवावा लागत नसे. कारण ओझे त्याच्याच खांद्यावर असे. प्रवासात चार पत्रे लिहावीत, जमाखर्च पाहावा, एखादा अर्ज भरावा, एवढ्याच माफक कामासाठी लॅपटॉप घेणारा आजचा गृहस्थ मात्र तो विवेक दुकानाबाहेर ठेवून केवळ किमतीची चिठ्ठी वाचतो, आणि फसतो.

लहान आकाराच्या मर्यादा या यंत्राच्या इतिहासातच नमूद आहेत. 1981 मध्ये ऑस्बोर्न नावाचा संगणक ‘वाहून नेण्याजोगा’ म्हणून विक्रीस आला, तेव्हा त्याचे वजन सुमारे 11 किलो आणि पडदा अवघा 5 इंचांचा होता. पुढे 2007 साली असुसने काढलेला 7 इंची ‘ई पीसी’ किलोभरही वजनाचा नव्हता. तो हातोहात खपला आणि इतर कारखानदारांनी त्याचा कित्ता गिरवला. परंतु त्याच्या आखूड कळफलकावर प्रौढ माणसाची बोटे एकमेकांत अडखळत, आणि 2010 मध्ये आयपॅड अवतरल्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्या साऱ्या वंशाचा अस्त झाला. तात्पर्य, यंत्राने लहान व्हावे ते बोटांना आणि डोळ्यांना सोसेल इतकेच. माझ्या मते ही मर्यादा 12 ते 13 इंचांच्या पडद्यापाशी येते.

आता स्वस्ताईविषयी. नव्या अतिस्वस्त लॅपटॉपांत बहुधा 4 जीबी मेमरी आणि 64 जीबी साठवण असते. हे आकडे विंडोज 11 ला चालू होण्यासाठी लागणाऱ्या किमान अटींइतकेच. म्हणजे पहिल्या दिवशीच शिल्लक शून्य! त्यातही ही मेमरी व साठवण पुष्कळदा मूळ पट्टीवरच डाख देऊन बसवलेली असल्यामुळे पुढे वाढवण्याची सोय नसते. वस्तू साधी असणे हा दोष नव्हे; पण तिची उणीव कायमची असणे हा दोष खचित आहे.

सबब, ज्याची ऐपत बेताची आहे त्याने नव्याचा हव्यास सोडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात, मोठ्या कचेऱ्यांनी वापरून काढून टाकलेला साडेबारा इंची लॅपटॉप पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर राबण्यासाठीच घडवलेल्या या यंत्रांचा कळफलक भक्कम, वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि त्यांतील पुष्कळांची मेमरी व एसएसडी बदलता येण्याजोगी असते. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने, इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो विंडोज 11 ला लागणाऱ्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे याची खातरजमा करावी. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स सुखाने नांदते. जुन्या मालाला हमी थोडी आणि बॅटरी थकलेली, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नव्या बॅटरीची रक्कम आरंभीच बाजूला काढावी, आणि परतीची मुदत पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याची स्तुतिस्तोत्रे क्षणभर थांबवून त्या यंत्रावर देवनागरीत पानभर मजकूर स्वतः टंकून पाहा. मनगट कुरकुरले तर उठून या. आणि वजन करावयाचे ते चार्जरसकट करा, कारण खांद्याला तोही वाहावा लागतो.